उंबऱ्यातलं उजवं पाऊल

१२ मे, सोमवार

पोस्टाच्या खिडकीमागे माझी उभी हयात गेली. अख्ख्या अहमदपूरचं रडगाणं ऐकून घेतलं, आणि आता माझं ऐकायला घरात एकटे आमचे हे, तेही पेपराच्या आडून. गुडघ्यांनी देवळाच्या पायऱ्या बंद केल्या, तशा तिथल्या बायकाही तुटल्या. म्हणून ही डायरी काढली. विमा एजंटाने दिलेली, जानेवारीपासून कोरीच पडून होती.

आज लिहायला बसले ती रागात. दुपारी दिराचा, ग्यानोबाचा फोन आला. तो आणि माझी धाकटी जाऊ सरजा गावाकडे असतात, लोह्याच्या पुढे. शेती बघतात. आता नवं घर बांधलंय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणतो, “वैनी, तुमचे गुडघे असे. अवंदापासून महालक्ष्म्या गावाकडंच बसवल्या तर? तुमच्या जिवाला तेवढाच आराम.”

आराम! सासूबाई गेल्यापासून महालक्ष्म्या माझ्या घरी बसतात. ज्येष्ठेचा मुखवटा थोरल्या सुनेच्या हातात, कनिष्ठेचा धाकटीच्या. तुळशीपासून देवघरापर्यंत ताट वाजवत आणायचं, पुढे मी, मागे सरजा. वर्षभरात माझ्या वाट्याला येणारा हा एकच मान. पोस्टात कोण मान देतं? तिथे सगळ्यांना नुसती घाई.

गेल्या वर्षी उंबऱ्यात माझा उजवा पाय लटपटला. एवढंच झालं. पण तेवढ्यात सरजाने मागून झेप घालून ज्येष्ठा माझ्या हातातून ओढून घेतली. भरल्या घरात, सगळ्या बायकांसमोर. मी चौकट धरून खाली बसलेली आणि ही बाई दोन्ही मुखवटे छातीशी धरून गुडघ्यांवर टेकलेली, देवीच्या पाया पडावं तशी. बायका म्हणाल्या, “सरजा होती म्हणून निभावलं.” नाटकं येतात तिला, दुसरं काय.

ग्यानोबाला सांगितलं, “भाऊजी, मी अजून जिवंत आहे.” ह्यांनाही सांगितलं. यंदा ज्येष्ठा मीच आणणार, माझ्याच घरात, माझ्याच पायांनी. नाहीच जमलं तर मग खुशाल न्या गावाकडे, मी तोंडातून ब्र काढणार नाही. ह्यांनी पेपराचं पान उलटलं आणि “बरं” म्हणाले.

२० मे

लातूरला जाऊन आलो. मोठा दवाखाना, थंडगार, बसायला गुबगुबीत खुर्च्या. सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे नाही, एक्स-रेकडे बघितलं. “झीज झालीय. वय झालं. गोळ्या घ्या, पट्टा वापरा, जिने चढू नका, मांडी घालू नका. नाहीच भागलं तर बदलून टाकू.” मी विचारणार होते की उंबरा चालेल का, तोवर पुढच्या माणसाने दार उघडलं होतं.

तरी मला बरं वाटलं. लातूरचे एवढे मोठे डॉक्टर. येताना बसमध्ये एक्स-रेचं पाकीट मांडीवर दिसेल असं धरलं होतं.

सरजाचंही म्हणे गुडघ्याचं निघालंय. गेल्या महालक्ष्म्यांनंतर लगेच. माझं पाहून सुचलं असणार. तिला लग्नापासून ती खोड आहे, मी हिरवं लुगडं घेतलं की तिला हिरवंच पाहिजे.

८ जून, रविवार

गावाकडे सरजाच्या घराची वास्तुशांती. घर मोठं, ओटा चांगला कमरेएवढा उंच. मला दोघांनी धरून वर चढवलं. जेवायला सगळ्या पंगतीत खाली, मी एकटी खुर्चीवर, गुडघ्याला पट्टा लावून, सत्काराला बोलावलेल्या पुढाऱ्यासारखी.

आणि सरजा? सरजा पंगतीतून वाढत फिरत होती. गेल्या संक्रांतीला लंगडत होती ती. मी विचारलं, कुठल्या डॉक्टरचं औषध? म्हणाली, “औषध कसलं आक्का. गावच्या सरकारी दवाखान्यात जाते. नवीन डॉक्टरीण आलीया, देविका म्हणून. लई गुणाची पोरगी.”

“एक्स-रेत काय निघालं?”

“एक्स-रे न्हाई काढला. हातानंच बघितलं, वाकवून, दाबून, चालवून. दोन्ही गुडघे. मग बसली बोलत.”

“किती वेळ?”

“म्या काय घड्याळ लावलं न्हवतं. पर चहा निवला तिचा.”

एक्स-रेसुद्धा नाही! हसूच आलं मला. पण परतीच्या वाटेवर तेच डोक्यात. तिच्यासाठी डॉक्टरचा चहा निवला. मी लातूरला जाऊन, पैसे मोजून, एवढी बसून, माझ्यासाठी कुणाचा साधा पंखा थांबला नाही. जीव जळला माझा, लपवायचं कशाला? ही डायरी मी कुणाला दाखवणार आहे थोडीच.

१९ जून

नांदेडला सुई घेतली. गुडघ्यातच. ह्यांच्या जुन्या साहेबाने पत्ता दिला होता. सुई देऊन गोळ्याही दिल्या. आता लातूरच्या गोळ्या, नांदेडच्या गोळ्या आणि आमच्या गल्लीतल्या डॉक्टरच्या जुन्या गोळ्या, तिन्ही चालू. तीन गावांची औषधं म्हटल्यावर एक तरी लागू पडेलच.

सुईनंतर पाय हलका झाला. अंगणात तुळशीपासून दारापर्यंत चालून पाहिलं. सरजाला फोन लावून सांगितलं, “नांदेडची सुई आहे, साधीसुधी नाही.” ती म्हणाली, “बरं झालं आक्का.” इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला संशय आला.

४ जुलै, शुक्रवार

सुईचा गुण उतरला. पोटात जळजळ, पावलं सुजलेली. बूट-चप्पल काही पायात शिरत नाही.

त्यात काल सरजा बाजारासाठी आली आणि मुक्काम करून राहिली. सकाळी मला जाग आली तर मधल्या खोलीत हालचाल. दाराच्या फटीतून पाहिलं. सरजा खुर्चीवर बसलेली, घोट्याला फडक्यात काहीतरी बांधलेलं, आणि पाय समोर सरळ करून तसाच धरलेला. मग खाली. मग दुसरा. नंतर हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठणं, बसणं, उठणं, बसणं. शेवटी भिंतीला पाठ लावून गुडघ्यात वाकून उभी राहिली, दात-ओठ खात, एक हात पुढे पसरून. मला आधी वाटलं हिला वारं आलं.

ती अंघोळीला गेली तेव्हा ते फडकं उघडून पाहिलं. आत मिठाचा पुडा! एक किलोचा.

म्हणजे हे गुपित आहे तर. मला सांगितलं का नाही? “औषध कसलं” म्हणे. महालक्ष्म्यांच्या आत स्वतःचे पाय तयार करायचे, आणि आक्का बसली खुर्चीवर. मी चहा दिला, तेव्हा तिनेच विचारलं, “आक्का, एकदा चला ना आमच्या दवाखान्यात.” मी म्हटलं, “मला लातूरचं चालू आहे.”

९ जुलै

परवापासून मीही सुरू केलं. दार लावून. हे विचारत होते आत काय चाललंय, मी जप म्हटलं.

आता मी थोरली. ती एक पुडा बांधते तर मी एकावर कसं थांबायचं? दोन-दोन पुडे बांधले, दोन्ही पायांना. वाण्याकडून मीठ आणलं तेव्हा तो म्हणाला, “लोणच्याचा घाट का काकू?” हो म्हटलं.

दुखतं भयंकर. पण दुखतंय म्हणजे लागू पडतंय.

१३ जुलै, रविवार

उजवा गुडघा फुगून टम्म झालाय. वाकत नाही. ह्यांनी पलंगाखाली मिठाचे पुडे पाहिले. “जपाला मीठ लागतं हे माहीत नव्हतं,” म्हणाले. मी रडले. मग त्यांनी पेपर ठेवला आणि पाय उशीवर घेऊन दिला, आणि बाहेर जाऊन फोन केला. कुणाला ते मला ठाऊक होतं. तिच्याशिवाय दुसरं कोण आहे ह्या घराला.

१५ जुलै, मंगळवार

आज पुष्कळ लिहायचंय.

काल ग्यानोबा जीप घेऊन आला. मी लातूर म्हटलं, हे म्हणाले एकदा गावाकडचं बघू. दुखण्याने माझं काही चाललं नाही. रात्री सरजाकडे, सकाळी सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाई एका बाळंतपणात अडकलेल्या, त्यामुळे तिथेही बसावं लागलंच. लाइट नव्हती. बाकावर लहान पोरं, खोकणारे म्हातारे, आणि आशाताई गुरम्मा सगळ्यांवर ओरडत फिरणारी. मी मनात म्हटलं, ह्याचं कौतुक करते का ही!

मग डॉ. देविका आल्या. माझ्या सुनेच्या वयाच्या. “काकू, घरच्या सगळ्या गोळ्या आणल्यात का?” सरजाने मला न विचारता डबा आणलाच होता. त्यांनी सगळी पाकिटं टेबलावर मांडली, वाचली आणि तीन वेगळी काढली. म्हणाल्या, “ह्या तिन्हींवरची नावं वेगळी आहेत, आत औषध एकाच जातीचं आहे. तुम्ही दुखण्याची गोळी तिप्पट घेत होता. पोटात जळतं ना? पावलं सुजली ना?” बीपी पाहिलं, तेही वाढलेलं. मला तिन्ही गावांचा राग आला. एकानेही विचारलं नव्हतं, दुसरं काय घेता म्हणून. मीही सांगितलं नव्हतं, पण विचारायचं काम कुणाचं?

गुडघा त्यांनी दोन्ही हातांनी तपासला. ताप आहे का पाहिलं. “घाबरू नका. जास्तीच्या ताणाने पाणी धरलंय, थंड फडकं ठेवा, चार दिवस विश्रांती. किती वजन बांधलं होतं?”

“एक पुडा,” मी म्हटलं. डॉक्टरांनी सरजाकडे पाहिलं. सरजा छताकडे बघत होती.

“व्यायाम बरोबर आहे काकू, पण सुरुवात रिकाम्या पायाने करायची. सरजाबाईंनी मीठ कितीतरी उशिरा बांधलं.” मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाल्या, “आता सांगा, हे गुडघे बरे झाले तर सगळ्यात आधी तुम्हाला काय करायचंय?”

मी दुखण्याचं सगळं पाठ करून गेले होते. कुठे दुखतं, कधी दुखतं. हा प्रश्न मला कुणी केलाच नव्हता. डोळे भरून आले, तर कचरा गेला म्हणाले. सरकारी दवाखान्यात कचऱ्याला तोटा नाही.

सांगितलं मग. ज्येष्ठेचं, उंबऱ्याचं, महालक्ष्म्या माझ्या घरातून कुठे जाऊ देणार नाही हेही. आमचा उंबरा उंच आहे, रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून ह्यांनी वाढवून घेतलेला. डॉक्टरांनी विचारलं, “आत येताना कुठला पाय आधी टाकता?”

“उजवा. लक्ष्मी डाव्या पायाने येते का कधी?”

“आणि जास्त दुखतो तोही उजवाच. हातात देवी, धरायला काही नाही, आणि सगळा भार दुखऱ्या पायावर. एरवी चढताना मी बळकट पाय आधी टाकायला सांगते. डावा टाकला तर चालेल का?”

“मग आणायचीच कशाला?”

मला वाटलं आता ह्या मला अंधश्रद्धेवर ऐकवणार. पण त्या म्हणाल्या, “बरं. मग उजव्यालाच तयार करू. वेळ आहे अजून.” सूज उतरली की आधी खुर्चीवरचं, मग देवघरातल्या पाटावर उजवा पाय टाकून चढायचं, भिंतीला हात लावून. मग हात न लावता. मग हातात तांब्या घेऊन. पाऊल टाकताना श्वास सोडायचा. दुखण्याच्या जागी लावायला मलम दिलं, गोळी एकच ठेवली, तीही लागली तरच. काठी डाव्या हातात धरायची म्हणाल्या. मी इतके दिवस दुखऱ्या बाजूलाच धरत होते.

बाहेर व्हरांड्यात मंगळवारच्या गुडघेवाल्या बायका जमलेल्या. गुरम्मा त्यांचा व्यायाम घेते. मला पाहून एकजण म्हणाली, “ह्याच का त्या आक्का!” आणि सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, “सरजाबाई तुमच्याचपायी एवढी पाय कसतीया, बगा.” सरजा तिला डोळ्यांनी गप्प करत होती.

म्हणजे तिने गावभर सांगितलंय. यंदा ज्येष्ठा तिच्याच हातात येणार, म्हणून पाय कसतेय असं. आणि तो प्रश्न डॉक्टरांनी तिला माझ्या कितीतरी आधी विचारलेला असणार. तिला आधी, मला मागून. जीपमध्ये बसताना तिला विचारलं, “तू काय सांगितलं होतंस डॉक्टरला, काय करायचंय म्हणून?”

“सांगितलं कायबाय,” म्हणाली आणि खिडकीतून कापूस बघत बसली.

अहमदपूरला सोडताना ग्यानोबा मात्र बोलून गेला. “वैनी, उंबऱ्याला जपा. गेल्या साली त्याच्यावरच आपटला तिचा गुडघा, तवापासून तिचं दुखणं.” मला ह्यातलं कुणी काही बोललं नव्हतं. आणि उंबरा माझा म्हणून दोषही माझाच की काय?

२९ जुलै

सूज उतरली. रिकाम्या पायाने खुर्चीवर बसून पाय सरळ करते. लाज वाटते, मीठ नाही, काही नाही. पण जळजळ थांबली, चप्पल पायात जाते.

रोज संध्याकाळी सरजाचा फोन. “आक्का, केलं का?” पाळत ठेवते माझ्यावर. मी जरा वाढवूनच सांगते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा गावच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, झोपेचं विचारलं, पाटावर चढून दाखवायला लावलं. उजव्या पायाने चढले, भिंतीला एकच बोट लावून. व्हरांड्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. मग लगेच सरजाचा नंबर. तिने भिंतीला टेकून, गुडघ्यात वाकून, एक हात पसरून ते तिचं उभं राहणं दाखवलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, “वा! असंच.” मला नुसती टाळी. तिला ‘वा’.

ती कुठल्या कामासाठी असं उभं राहायचं शिकतेय, ते काही मला कळेना. मुखवटा आणायला वाकावं कशाला लागतं?

२३ ऑगस्ट

दुखतंच अजून. काही दिवस जास्त, काही दिवस कमी. डॉक्टर म्हणाल्या होत्या की झीज काही भरून येणार नाही, पण पाय सांभाळून घेईल. तांब्या हातात घेऊन पाटावर चढले. पाणी थोडं सांडलं. हे म्हणाले, “ज्येष्ठेला सांडू नको म्हणजे झालं.” चेष्टेवर आले म्हणजे त्यांनाही जमेलसं वाटतंय.

३० ऑगस्ट, शनिवार

पुण्याहून मुलगा आणि सून वर्षाराणी आले. गावाकडून सरजा, ग्यानोबा. सरजाने आल्या आल्या उंबऱ्याला वीत लावून उंची मोजली. मग माझाच जुना पाट काढून गेरूने रंगवला आणि वर चुन्याने लक्ष्मीची पावलं काढली. मी म्हटलं, “रांगोळीची काढतात पावलं.”

“रांगोळीवर घसरंल, आक्का.”

“कोण घसरंल?”

तिने पाट उंबऱ्यापुढे टेकवून, वर उभी राहून हलतो का पाहिलं आणि खाली सुतळीची घडी घातली. माझ्या घरात, माझ्या उंबऱ्यापुढे, न विचारता. पाट लाथेने उडवावा असं वाटलं. उजव्या पायाने.

३१ ऑगस्ट, रविवार

आणली. ज्येष्ठा मीच आणली.

संध्याकाळी घर बायकांनी भरलं. तुळशीपाशी मुखवट्यांना हळदीकुंकू वाहिलं. माझ्या हातात ज्येष्ठा, मागे सरजाच्या हातात कनिष्ठा. ताट वाजायला लागलं तसं माझं काळीज त्याच्याहून मोठ्याने वाजायला लागलं. अंगण नीट पार केलं. दारातून बायकांनी विचारलं, “कोण आलं?” “ज्येष्ठा आली, कनिष्ठेला घेऊन आली.” “कशाच्या पावलांनी आली?” “सोन्याच्या पावलांनी.” माझी पावलं कशाची होती ते माझं मलाच ठाऊक.

उजवा पाय पाटावर ठेवला. डावा वर घेतला. आता उंबरा. उजवा उचलायचा तर सगळा भार डाव्यावर, आणि तो थरथरायला लागला. मी थांबले. ताट वाजायचं थांबलं. मागे, अगदी जवळ, सरजाचा श्वास ऐकू येत होता. वाटलं, आता ही ओढणार, गेल्या वर्षीसारखीच. मी ज्येष्ठेला छातीशी गच्च धरलं, डॉक्टरांचं आठवून श्वास सोडला आणि उजवं पाऊल आत टाकलं. त्याच्यावर भार दिला. दुखलं, पण पाय हटला नाही.

देवघरापर्यंत गेले. ज्येष्ठा जागेवर बसवली तेव्हा ह्यांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले.

सरजाला ज्येष्ठा मिळाली नाही. महालक्ष्म्या कुठे जात नाहीत आता. आज मला शांत झोप लागायला हवी.

१ सप्टेंबर, सोमवार

पूजा झाली, नैवेद्य झाला, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, सगळं. दुपारी जरा टेकले तेव्हा वर्षाराणीने मोबाईलवर कालचा व्हिडिओ दाखवला. “आई, बघा तुम्ही काय दिसता!” मी माझी, सासूबाईंकडून आलेली नथच बघत होते आधी.

मग सरजा दिसली. कनिष्ठा तिने एकाच हाताने छातीशी धरलेली. दुसरा हात पुढे पसरलेला, माझ्या पाठीमागे, तळवा उघडा. पदराला लागत नव्हता. तुळशीपासून देवघरापर्यंत तो हात तसाच. पाटावर मी थांबले तेव्हा तिने पाय रोवले आणि गुडघ्यात वाकून उभी राहिली, हमाल पोतं पाठीवर घ्यायला उभा राहतो तशी. भिंतीला टेकून ती जे करायची, तेच. मी देवघरात पोहोचल्यावर तिने हात खाली घेतला आणि मनगट झटकलं. भरून आलं असणार.

वर्षाराणीकडे गेल्या वर्षीचाही व्हिडिओ होता. दाखव म्हटलं. तो एकदाच पाहिला. मग मोबाईल तिला परत दिला आणि आंबील ढवळायला गेले.

सरजा चुलीपाशी उरलेलं पुरण काढत होती. मी विचारलं, “सरजा, डॉक्टरला तू काय सांगितलं होतंस?”

“कवाचं?”

“पहिल्यांदा. गुडघे बरे झाले तर काय करायचंय म्हणून विचारलं असेल ना.”

ती पातेलं खरवडत राहिली. “सांगितलं की जाऊबाईला धरायचंय. गेल्या बारीला दोघीबी पडलो. म्हणलं, अवंदा एक तरी उभी पायजे.”

मी आंबिलीत मीठ पडलंय का ते चाखून पाहिलं. पडलेलं होतं. तरी आणखी घातलं, आणि रात्री सगळ्यांनी खारट आंबील निमूट प्यायली.

९ सप्टेंबर, मंगळवार

गावच्या दवाखान्यात गेले. ह्या वेळी एकटी, एसटीने, काठी डाव्या हातात. सरजाला कळवलं नाही. तिच्या नकळत माझंही एक काम असू दे की.

डॉ. देविकांनी गुडघे पाहिले, बीपी पाहिलं, गोळी किती वेळा लागली विचारलं. मग हसून म्हणाल्या, “काकू, काम फत्ते झालं म्हणे! गुरम्माने सांगितलं. आता पुढे काय करायचंय?”

मी म्हटलं, “सरजाच्या नव्या घराचा ओटा फार उंच आहे. पुढच्या वर्षी महालक्ष्म्या तिथे बसणार.”

“तुम्ही तर म्हणाला होता, कुठे जाऊ देणार नाही.”

“म्हणाले होते. नथ मात्र माझीच राहील, ती तिला मिळायची नाही. पण ज्येष्ठा ती आणेल.”

“आणि तुम्ही?”

“मी कनिष्ठा घेऊन तिच्या मागे. ओटा एका हाताने चढायचा मला शिकवा डॉक्टर. दुसरा हात मला मोकळा पाहिजे.”